गोळी चालू आहे : रत्नागिरीतले म्हातारपण आणि कायमचे आजार

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र घटली. 16 लाख 96 हजारांवरून ती 16 लाख 15 हजारांवर आली. राज्यात अशी घट आणखी फक्त सिंधुदुर्गात आणि मुंबई शहरात नोंदवली गेली. 2011 च्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. राज्याची सरासरी होती 929. या आकड्यांचा अर्थ मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही वाडीत फेरी मारली की कळतो. तरणी माणसे मुंबईत, ठाण्यात, विरारला, पुण्याला नाहीतर आखातात. गावच्या घरात आई, फार तर आई-वडील दोघे, आणि फडताळात औषधांची पिशवी.

हे पुस्तक त्या पिशवीभोवतीच्या आयुष्याविषयी आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा, संधिवात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, अर्धांगाच्या झटक्यानंतर राहिलेले लुळेपण, स्मृतिभ्रंश. हे आजार एकदा घरात आले की राहायलाच येतात. त्यांच्यासकट साठीनंतरची दहा, वीस, कधी तीस वर्षे कशी काढायची, एवढाच इथला प्रश्न आहे. लिहिताना डोळ्यांपुढे डॉक्टर नव्हते. होते ते स्वतः आजारी असलेले वृद्ध, त्यांचे घरचे, शेजारी आणि आशाताई.

प्रश्न केवढा मोठा आहे, याची कल्पना देशपातळीवरच्या पाहणीतून येते. 45 वर्षांवरील सुमारे 72 हजार लोकांची ‘लासी’ ही पाहणी 2017-18 मध्ये झाली आणि तिचा अहवाल जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे साडेसात कोटी लोकांना कुठला ना कुठला दीर्घकालीन आजार आहे, आणि 27 टक्क्यांना एकाहून अधिक, असे त्या वेळी सांगण्यात आले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटी 10 लाख धरली, तर प्रौढांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण 35.5 टक्के. आजार जोडीने येतात, ही यातली खरी अडचण. मधुमेहाबरोबर रक्तदाब असतो, रक्तदाबाबरोबर गुडघे असतात, आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला इजा करते. एकेका आजाराचे वेगळे पुस्तक वाचून हा गुंता सुटत नाही.

‘पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची, त्यांना कुठं होत्या गोळ्या?’ हे वाक्य कोकणात वारंवार कानी पडते. उदाहरण म्हणून हमखास नाव येते ते दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे. 1858 साली जन्मलेल्या कर्व्यांना शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले आणि ते 104 वर्षे जगले. 1936 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवी संस्था काढली. हे सगळे खरे. पण ज्या दशकांत कर्वे पन्नाशीत होते, त्या काळात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्याही आत होते. लोकांच्या लक्षात राहिले ते एकटे कर्वे. बाळंतपणात, प्लेगात, पटकीत, हिवतापात गेलेल्यांची आठवण कुणी ठेवली नाही. आज सत्तरीत मधुमेहाची गोळी घेणारी आजी ही त्या काळात कदाचित तिशीही न गाठलेली बाई ठरली असती. म्हणून दीर्घ आजारांची ही गर्दी म्हणजे नव्या पिढीच्या अधःपाताची खूण नव्हे. माणसे जगू लागली, त्याचा हा हिशेब आहे.

आपली आरोग्यव्यवस्था मात्र जुन्या शत्रूंना तोंड देण्यासाठी उभी राहिली. देवी, प्लेग, पटकी येत आणि जात. रुग्ण बरा होई किंवा दगावे, आणि केस बंद होई. रक्तदाबाची केस बंद होत नाही. तिच्यात बरे होण्याचा दिवस नाही, टाके काढण्याचा दिवस नाही. आज मोजलेला आकडा चांगला आला याचा अर्थ गोळी लागू पडली असा असतो. अनेक घरांत मात्र त्याचा अर्थ ‘आता बरं वाटतंय, बंद करूया’ असा घेतला जातो, आणि चार-सहा महिन्यांनी झटका येतो.

ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्राउस या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी 1988 मध्ये दीर्घ आजाराशी घरी झुंजणाऱ्या जोडप्यांवर एक पुस्तक लिहिले. अशा घरांत तीन प्रकारची कामे सतत चालतात, असे त्यांनी दाखवले: आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम, आणि आजाराने बदललेल्या आपल्या आयुष्याशी जुळवून घेण्याचे काम. रत्नागिरीच्या संदर्भात हे फार उपयोगी पडते. डॉक्टर महिन्यातून काही मिनिटे भेटतो. उरलेला महिनाभर मोजणे, आठवण ठेवणे, पथ्याचे रांधणे, पायाची जखम पाहणे, गोळ्या संपायच्या आत आणवणे ही कामे घरात होतात किंवा होत नाहीत. दीर्घ आजाराचा मुख्य दवाखाना घर आहे, आणि रत्नागिरीत त्या दवाखान्यातले मनुष्यबळ परगावी गेले आहे. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात हेच.

आता घर कसे आहे ते पाहू. कोकणातली वाडी डोंगराच्या उतारावर असते. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी उतरते, मध्ये एखादा पऱ्या, त्यावर साकव. पन्नाशीपर्यंत या पायऱ्यांनीच माणसांचे पाय घट्ट ठेवले. गुडघे गेले की त्याच पायऱ्या माणसाला घरात कोंडतात. जूनपासून जांभ्यावर शेवाळ धरते, आणि तालुक्याला तपासणीसाठी जाणे ‘पाऊस सरल्यावर बघू’वर जाते. म्हणजे वर्षातले चार महिने आकडा न मोजता निघून जातात. न्हाणी आणि संडास मागच्या पडवीपलीकडे. रात्री उठून अंधारात तिथवर जायचे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उभे राहताच दाब उतरतो, तोल जातो. खुब्याचे हाड मोडण्याचे निमित्त बहुधा असेच क्षुल्लक असते. पाखाडीला एका बाजूने लोखंडी कठडा, न्हाणीत धरायला दांडा, वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, ही कामे गवंडी आणि वायरमन करतात, पण ती औषधोपचाराइतकीच महत्त्वाची आहेत.

पुढचा मुद्दा अंतराचा. जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे 180 किलोमीटर लांब आहे. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगाचा झटका आला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. घरापासून रस्त्यापर्यंत डोली कोण उचलणार, हे वाडीने आधी ठरवलेले असले पाहिजे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पाठ झाले तरी पुष्कळ हात-पाय वाचतील. निसर्ग चक्रीवादळाने जून 2020 मध्ये दापोली-मंडणगडची वीज दीर्घकाळ बंद पाडली. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा भागात पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात जादा असणे ही चैन नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडल्यावर काय करायचे, वापरातली बाटली मातीच्या ओल्या मडक्यात थंड जागी कशी ठेवायची, हेही आधीच शिकून ठेवायला हवे.

यानंतर येतो तो सर्वांत नाजूक भाग: निर्णय कोण घेते? रत्नागिरीतल्या वृद्धाच्या आजाराचे निर्णय पुष्कळदा फोनवर, मुंबईतून होतात. मोठ्या तपासण्या गणपतीला किंवा शिमग्याला, मुलगा चार दिवसांसाठी आला की उरकल्या जातात. मुंबईच्या डॉक्टरांचा एक कागद असतो, गावच्या डॉक्टरांचा दुसरा. दोन्हींत तेच औषध वेगवेगळ्या कंपनीच्या नावाने असते आणि आई दोन्ही गोळ्या घेत असते. आखातात मुले असलेल्या खेड, चिपळूण, राजापूरकडच्या मुसलमान कुटुंबांतही चित्र वेगळे नाही. तिथे पैसा वेळेवर येतो, हात येत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटासाठी बाहेर पडणे ही या जिल्ह्याची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. पण दूर असलेल्या मुलाला करता येण्यासारखे एक काम आहे, आणि ते पैसे पाठवण्याहून अवघड आहे. सगळी औषधे एका कागदावर, औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यायची, तो कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवायचा, आणि फोनवर ‘गोळी घेतलीस का?’ इतकेच विचारून न थांबता ‘गेल्या वेळी प्रेशर किती भरलं?’ असे विचारायचे.

आहाराविषयी पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे, कारण शहरी पथ्याचे तक्ते इथे निरुपयोगी ठरतात. ओट्स आणि ब्रोकोली सांगून काय होणार? दोन्ही वेळा भात, त्याबरोबर माशाचे कालवण, नसेल तेव्हा कुळथाचे पिठले, ही इथली रीत. भात निम्म्यावर आणून कुळीथ, पावटे, नाचणीची भाकरी, पालेभाजी वाढवणे जमण्यासारखे आहे. मिठाचा प्रश्न अधिक बिकट. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि तेव्हा ताटात सुकट, बोंबील, खारा बांगडा, जोडीला लोणचे आणि पापड असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. सुके मासे पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घेतले तर त्यांतले मीठ बरेच उतरते. आज्यांना हे सांगितले की पटते, कारण ‘खाऊ नका’पेक्षा ‘असं करून खा’ त्यांना समजते. उपवासांचेही तसेच. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. दुसऱ्या टोकाला, साबुदाण्याच्या खिचडीने ती चढते. एकादशी असो वा रमजान, उपवास धरण्याआधी गोळीच्या वेळेविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यायला हवे. परसातली भाजी हा एके काळी सोपा उपाय होता. आता माकडांच्या उपद्रवाने अनेकांनी परसू ओस टाकले आहे. भाजी गेली आणि तिच्यामागचे रोजचे हिंडणे-वाकणेही गेले.

रत्नागिरीचे म्हातारपण मुख्यतः बाईचे आहे, हे सुरुवातीच्या आकड्यावरून ध्यानात आले असेल. नवरा मुंबईत आणि बाई गावात, अशी चाळीस वर्षे काढलेल्या स्त्रिया आज सत्तर-ऐंशीच्या आहेत. चुलीच्या धुराने त्यांच्या फुप्फुसांचे नुकसान केले, मिश्रीने तोंडाचे. डोक्यावरच्या हंड्यांनी आणि भाताच्या लावणीने कंबर धरली. आपले दुखणे शेवटी सांगायचे, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली. लघवी न आवरणे, अंग बाहेर येणे, यांविषयी तर त्या सुनेलाही सांगत नाहीत, आणि घराबाहेर पडणेच थांबवतात. पुरुषांमध्ये गिरणीतून परतलेल्यांचा एक मोठा वर्ग आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरीकरांचा भरणा होता. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांतले अनेक जण हात हलवत गावी आले. कापसाच्या धुळीत काढलेल्या वर्षांचा खोकला काहींच्या छातीत राहिला. भविष्यनिर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन 2014 मध्ये महिना 1000 रुपये ठरले. त्यात औषधे आणायची की वाणसामान?

मनाचा विषय इथे जरा वेगळ्या अडचणीत सापडतो. रत्नागिरी शहरात 1886 पासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे मनाचे दुखणे म्हटले की थेट तीच इमारत डोळ्यांपुढे येते आणि बोलणे खुंटते. वास्तविक दीर्घ आजाराबरोबर येणारी उदासी साधी दिसते. जेवण कमी होते, झोप पहाटे तीनला मोडते, गोळी ‘कशाला घ्यायची’ म्हणून चुकते. साखर बिघडण्याचे कारण कधी कधी तिथे असते. उपचार उपलब्ध आहेत. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची विनामूल्य सेवा आहे, आणि ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे. पण फोनच्या आधी माणूस हवा. शिमग्यात पालखी घरी यायची तेव्हा ज्येष्ठाला मान होता, भजनात टाळ होता, गावकीत शब्द होता. तो मान फक्त सणापुरता उरला, तर बाकीच्या दिवसांत माणूस नुसता ‘पेशंट’ होतो. वाडीत आठवड्याला एकदा रक्तदाब मोजण्याचे निमित्त करून आठ-दहा वृद्ध देवळाच्या सभामंडपात जमले, तर आकडा आणि उदासी दोन्हींचा समाचार घेतला जाईल.

सरकारी मदतीविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काहीच मिळत नाही, हे खरे नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास 2022 पासून फुकट आहे. पण सगळे मिळते, हेही खरे नाही. विम्याच्या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. अँजिओप्लास्टीचा खर्च त्यांतून निघतो. ती टाळणारी रोजची गोळी मात्र सरकारी केंद्रात साठा असेल तर मिळते, नाहीतर खिशातून. धोरणातली ही उलटी गणिते बदलायला हवीत.

ती बदलता येतात, याची उदाहरणे लांब नाहीत. 2017 मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या जिल्ह्यांत शेजारचा सिंधुदुर्ग होता. सगळ्यांसाठी एकच साधी औषधयोजना, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात मोजणी आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढीच त्याची रीत. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिची दखल घेतली. त्याच किनाऱ्यावर खाली केरळ आहे. तिथलीही मुले आखातात, घरे तिथेही चढ-उतारांवर. 1993 मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाचे काम सुरू झाले, पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची व्यवस्था उभी केली, आणि 2008 मध्ये राज्याने तिला धोरणाचे रूप दिले. डॉक्टर थोडे, शेजारी पुष्कळ, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. गावकी अजून शाबूत असलेल्या कोकणाला हे परके वाटू नये.

आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिकदृष्ट्या संपूर्ण सुस्थिती, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 1948 ची व्याख्या. ती लावली तर सत्तरीपुढचा एकही रत्नागिरीकर निरोगी ठरणार नाही. 2011 मध्ये माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी कसोटी सुचवली: परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःचे स्वतः सांभाळण्याची क्षमता. ही कसोटी या पुस्तकाने स्वीकारली आहे. साखर थोडी वर असूनही जी बाई आपले जेवण आपण रांधते, गोळी आठवणीने घेते, शेजारणीकडे जाऊन येते, ती बरी आहे. आणि सगळे आकडे उत्तम असूनही ज्याला कुणी काही विचारत नाही, तो बरा नाही.

पुस्तकाची मांडणी त्यानुसार आहे. पहिल्या भागात घर आणि वाट, दुसऱ्यात औषधे आणि मोजणी, तिसऱ्यात ताट, चौथ्यात मन आणि सोबत, पाचव्यात योजना आणि कागदपत्रे, शेवटी अखेरच्या दिवसांची काळजी. क्रमाने वाचण्याची गरज नाही. मात्र यातले काहीही वाचून स्वतःची गोळी बंद करू नये, वाढवू नये. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही गावी असाल तर या आठवड्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या किती दिवस पुरतील ते विचारा. तुम्ही मुंबईत असाल तर येत्या गणपतीला आईसाठी मिठाईच्या खोक्याबरोबर रक्तदाब मोजण्याचे यंत्र न्या, ते वापरायला तिला आणि शेजारच्या पोराला शिकवा, आणि आकडे लिहायला एक वही द्या. आणि तुम्ही स्वतः सत्तरीचे असाल, तर ती वही तुमच्या हातात राहू द्या. आजार तुमचा आहे, म्हणून त्यावरचा पहिला शब्दही तुमचाच असला पाहिजे.